अळंब्यांची जागा

"अळंब्यांची जागा सांगायची नसते रे. मरताना सांगायची, तीही एकालाच."

धुक्यात पुढे चालणाऱ्या बापाचा हा आवाज येफिम कुझ्मिचच्या कानात साठ वर्षं मुरला होता. मॉस्कोला लागून असलेल्या मितिश्ची गावात सगळे असेच. शेजाऱ्याला मीठ देतील, घराची किल्ली देतील, जंगलातली आपली जागा देणार नाहीत. येफिमने ती सख्ख्या भावालाही दिली नव्हती.

दर सप्टेंबरात मात्र तो दवाने भिजून परतायचा आणि समोरचं दार वाजवायचा. सेराफिमा ल्वोवनाचं दार. तोही एकटा, तीही एकटी. मधे चार पावलं.

"कुठं मिळाली हो एवढी?" टोपली घेत ती विचारायची.

"जंगलात."

"अगंबाई! मला वाटलं, नदीत."

अकरा वर्षं एवढंच बोलणं.

आज तिचा मुलगा रोदिओन तिला मॉस्कोला न्यायला आला होता. कायमची. मॉस्को काय, रिंगरोडच्या पलीकडे. पण तिकडे गेलेलं परत येत नाही. इथल्या झऱ्यांचं पाणी एके काळी पाइपातून तिकडे गेलं, तेही कुठं परतलं?

खिडकीबाहेर बर्चच्या झाडांची पिवळी पानं धुक्यात तरंगत होती. खाली यायची त्यांना घाई नव्हती. येफिम आज जंगलात गेलाच नाही. रिकामी टोपली घेऊन तो आपल्या दारात उभा होता. 'जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. ते काही ओठांवर येईना.

"चल गं आई, गाडी वाटेत लावलीय. लोक शिव्या घालतायत," रोदिओनने बॅग उचलली.

"सेराफिमा ल्वोवना," येफिम एकदम म्हणाला, "जुन्या पाइपापासून डावीकडे. तिसरा ओढा ओलांडला की वाकलेला बर्च. त्याच्या मागे, शेवाळात."

रोदिओन थबकला. तोही इथंच वाढलेला.

"काय हो, मरताय की काय?" ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

"नाही. तुम्ही जाताय."

रोदिओनने आईकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. बॅग हळूच खाली ठेवली. "मी जरा गाडी नीट लावून येतो," म्हणत जिना उतरून गेला.

सेराफिमाने डोक्याचा रुमाल सोडला.

"ती जागा मला ठाऊक आहे, येफिम कुझ्मिच. पहिल्याच वर्षी गुपचूप तुमच्या मागून आले होते. पण एकही अळंबं खुडलं नाही. खुडलं असतं, तर तुम्ही माझं दार कशाला वाजवलं असतं?"