डोळ्यातली बाहुली

"बायकोला भेटून येतो," आजोबा फाटकावर म्हणाले. रखवालदाराने पास मागितला नाही. कित्येक आठवडे तो हेच वाक्य ऐकत होता.

पहिल्या मजल्यावर डोळ्यांचा वॉर्ड होता. कोपऱ्यातल्या खोलीत रोपवाटिका चालवणारी एक तरुणी पट्टी बांधून पडली होती. उजवा डोळा जन्मापासून अधू. डाव्यात गुलाबाचा काटा गेला, जखम चिघळली आणि शेवटी बुबुळावरचा पारदर्शक पडदाच बदलावा लागला. तो धरला तर नजर, नाहीतर रोपवाटिका बंद.

"आले आमचे डिक्शनरीवाले," पावलं ओळखून ती म्हणाली. "आज कोणता शब्द?"

आजोबा इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. तिच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारातून विचारलं होतं, "खिडकी उघडू का?" आणि उघडता उघडता सांगूनही टाकलं होतं, की विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा, उत्तरेकडच्या दर्यावर्दींनी तो शब्द इंग्रजीत आणून सोडला. तेव्हापासून ते रोज स्टूल ओढून बसत.

"आज इनॉक्युलेट."

"म्हणजे लस टोचणं. एवढं येतं मला."

"ते नंतरचं. त्यात लॅटिनमधला डोळा लपलाय. एका झाडाचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, काढून दुसऱ्यात बसवायचा, त्याला माळी इनॉक्युलेट म्हणायचे."

ती ताडकन उठून बसली. "अहो, आम्हीही डोळा भरणंच म्हणतो! खुंटाच्या, म्हणजे खालच्या मुळवाल्या रोपाच्या, सालीत चीर द्यायची, डोळा आत सरकवायचा, वरून पट्टी." तिचा हात नकळत स्वतःच्या पट्टीकडे गेला. "कुठले ते माळी, कुठले आम्ही. सगळ्यांना तिथे डोळाच कसा दिसला?"

"तेच तर. मी जन्मभर शिकवलं, अजून अंगावर काटा येतो. बरं, धरल्यावर फूल कोणाचं येतं?"

"ज्याचा डोळा, त्याचं. खुंट कितीही गावठी असू दे."

आजोबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"आता पळा," ती म्हणाली. "आजी वाट बघत असतील. इथे वेळ काढता म्हणून रागावत नाहीत?"

"तिला माहितीये मी कुठे असतो ते."

पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी त्यांनी शब्द आणला, प्युपिल. "मूळ अर्थ छोटी बाहुली. अगदी जवळून समोरच्याच्या डोळ्यात बघितलं, की आपणच इवलेसे दिसतो, म्हणून."

"आपल्याकडेही बाहुलीच की!"

खिडकीतून वारा येत होता.

"कोणीतरी कोणाच्या तरी इतकं जवळ गेलं असेल," आजोबा हळूच म्हणाले, "तेव्हा कुठे हा शब्द सुचला असेल. आणि बाहुली उमटते कुठे, सांगू? तुझा बदललाय ना, त्या पडद्यावर. डॉक्टरांना मुद्दाम विचारून आलो."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आधी नुसता उजेड, मग खिडकीची चौकट, मग पानांच्या कडा. "पडदा धरलाय," डॉक्टर म्हणाले. ती रडता रडता हसली.

दारात आजोबा उभे होते. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा सदरा.

"एवढं नटून? लग्नाला निघालात की काय?"

"बाहुली बघू देशील?"

ते वाकले. तिला त्यांच्या डोळ्यात ती स्वतः दिसली, मोहरीएवढी. तिने श्वास रोखला. आजोबा हललेच नाहीत.

"दिसली?" तिने विचारलं.

"दिसलो." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघाले.

"सिस्टर, मला आजींना भेटायचंय," ती म्हणाली. "कितव्या मजल्यावर आहेत?"

पट्टी गुंडाळणारी नर्स थांबली. "आजी? त्या तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच वारल्या."

खाली फाटकावर रखवालदाराने विचारलं, "आज लवकर निघालात? कशा आहेत आजी?"

"छान," आजोबा म्हणाले. "आज तिने डोळा उघडून माझ्याकडे बघितलं."