लीलाधरला मीटिंगला न्यायचंय

लीलाधरची दारू सुटली. कायमची सुटली, पुन्हा थेंबालाही शिवणार नाही, याबद्दल पिंप्राळ्यात कोणालाच शंका नव्हती.

घरात मात्र तसं काही झालेलंच नाही, असं धरून चालायचं ठरलं. कारण धुळ्याला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचं होतं, आणि आधीच सुटलेल्या माणसाला तिथे घेतात की नाही, हे त्याच्या धाकट्या भावाला, कुंदनला, ठाऊक नव्हतं.

अशी मीटिंग जळगावातही होती, मेहरूण तलावाच्या बाजूला. लीलाधरने घरात तिचा विषय बऱ्याचदा काढला होता. पण मेहरूणला फिरायला अर्धा पिंप्राळा येतो, आणि कुंदनच्या मुलीचं तेव्हा जमत आलं होतं. साखरपुडा होऊ द्या, मग बघू, असं कुंदन म्हणाला. साखरपुडा झाला. मग लग्न होऊ द्या. मग पहिली दिवाळी. लीलाधर गटारीत पडलेला साऱ्या कॉलनीने पाहिला होता. मीटिंगला जाताना कोणी पाहिला असता, तर अब्रू गेली असती.

आता मात्र कुंदनने चारचौघांत शब्द दिला होता. जळगावऐवजी धुळे, एवढीच सवलत त्याने स्वतःला दिली.

निघताना आईने, धुरपदाबाईंनी, तिघांचा डबा बांधून दिला आणि थोरल्या सुनेला, मोहिनीला, बजावलं, "तेले खिडकीजोडे बसाडजो. गाडी लागस तेले."

मोहिनी एका शाळेत लिपिक होती. सूचना मिळाली की ती पाळायची, एवढंच तिला येत होतं. एसटीत तिने खिडकी लीलाधरला दिली, स्वतः मधे बसली, कडेला कुंदन. तिचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. कुंदनने टोपी कानापर्यंत घातलेली. गुप्तता पाळायची म्हणजे पूर्ण पाळायची.

पारोळ्याला गाडी थांबली. एका म्हातारीने खिडकीच्या जागेकडे बोट दाखवून बसू का विचारलं. जागा धरलेली आहे, मोहिनी म्हणाली. म्हातारीने खाली टपरीवर उभ्या पुरुषांकडे पाहिलं आणि नवरे कसे असतात याबद्दल काहीतरी पुटपुटत मागे गेली.

धुळ्यात मीटिंग सापडेना. फोनवरच्या माणसाने देवपुरातल्या शाळेत या, एवढंच सांगितलं होतं. नाव, पाटी, खूण काही नाही. देवपुरात शाळांना तोटा नाही. रिक्षावाल्याने पुन्हापुन्हा विचारलं की कसली मीटिंग, तेव्हा कुंदनने पालकसभा म्हणून सांगितलं. मग दोन शाळांत खऱ्याच पालकसभा निघाल्या. एकीत त्याला पुढच्या रांगेत बसवून कोणाच्या तरी पोराचं गणित किती कच्चं आहे ते सांगण्यात आलं. त्याने लक्ष देतो म्हणून कबूल केलं.

शेवटी तो दारूच्या दुकानात शिरला. मोहिनी बाहेर थांबली. लीलाधरला आत नेण्याचा प्रश्नच नव्हता.

गल्ल्यावर रुपचंद नावाचा मालक होता. त्याने पत्ता बिनचूक सांगितला. त्याचं अर्धं गिऱ्हाईक तिकडेच जायचं आणि बरंचसं परत यायचं.

"पेशंट कोण?" त्याने विचारलं.

"मोठे भाऊ."

"किती दिवस झाले सोडून?"

"पंधरा-सोळा."

रुपचंदचा हात गल्ल्यावरच थांबला. "एकदाही मागितली नाही?"

"नाही."

"मग गेला म्हणायचा तो," रुपचंद हळहळला. गिऱ्हाईक तुटल्याचं दुःख त्याला नेहमीच व्हायचं.

मीटिंग पहिलीच्या वर्गात होती. मोठाले पुरुष लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मागे फळ्यावर बेचा पाढा. कौतिक नावाचे एक आबा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, सगळं चालवत होते. इथे आडनाव, गाव, जात काही लागत नाही, फक्त नाव सांगा, असं ते म्हणाले. मग साऱ्यांनी कुंदनकडे मायेने पाहिलं. शेजारच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कोणीतरी चहा पुढे केला.

"बोल भाऊ," कौतिकआबा म्हणाले. "लाजू नको. आम्ही बठ्ठे, सगळेच, तुझ्यासारखे."

कुंदनने टोपी आणखी खाली ओढली. मी तो नव्हे, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. पण त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

मग मोहिनी उठली. पदर सावरून, ऑफिसात उभी राहायची तशी उभी राहिली.

"लीलाधर सुकदेव पाटील, राहणार पिंप्राळा, यांनी इथे येण्याची इच्छा वेळोवेळी व्यक्त केली. कुटुंबाने ती अब्रूच्या कारणास्तव नामंजूर केली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पुतणीने हात जोडले, सासूबाईंनी माझा सांभाळ करायचं कबूल केलं, शेवटी कोणीतरी दारूची बाटलीसुद्धा ठेवून पाहिली. तरी शिवेना. भाऊजींनी मीटिंगला नेतो असा शब्द दिला, तेव्हा शिवला. तरी सदर इसमास आजपासून सभासद करून घ्यावे आणि आजच्या मीटिंगला हजर धरावे, ही नम्र विनंती."