रंगुबाईची दाढ

१९९६ साली ज्ञानू आणि रंगुबाई निरवांगीहून लेकाकडे अमेरिकेला गेले. तिथं रंगुबाईचा डावा जबडा दुखायला लागला.

"आये, हितं दाताचा डॉक्टर लई महाग. महिनाभर कळ काढ, बारामतीत स्वस्तात हुईल," लेक म्हणाला. ज्ञानूलाही ते पटलं.

रंगुबाई दाढेखाली लवंग धरून हसली. "आवो, दाढ काढली की भिगवणला जाऊ. मला मासं खायाचं हायेत."

गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघं बारामतीला आली. दातांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता.

"तुमी फुडं जाऊन नंबर लावा. मी येते दमानं," रंगुबाई खालून म्हणाली.

वर गर्दी नव्हती. बायकोची दाढ दुखते म्हटल्यावर डॉक्टरांनी लगेच विचारलं, "कधी दुखते दाढ? जेवताना? गार पाण्यानं?"

"न्हाय वो. ओझं उचललं, चढण लागली, की ठणका सुरू. जबड्यातनं पार हातात उतरतो. जरा बसली की थांबतंय. म्हैना झाला, लवंगेनं कायबी फरक न्हाय."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "आबा, हे दाढेचं दुखणं वाटत नाही. हृदयाचं असावं. त्यांना एक पाऊलही चालू देऊ नका. कुठं आहेत त्या?"



ज्ञानू दाराकडं पळत ओरडला, "जिना चढतीया!"