कॅकोग्राफी

"'डॉटर'मध्ये दोन टी," पत्रावरची नजर न काढता शामसुंदर साहेब म्हणाले, "आणि 'ऑनेस्ट'चा एच पळून गेलाय." टेबलामागचे दोघे सदस्य हसले.

तारा समोरच्या खुर्चीत आक्रसली. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या वाचनालयाला ग्रंथपाल हवा होता. रायपूरहून इंग्रजीत एम.ए. करून ती मुलाखतीला आली होती. बाबांनी तिच्या प्रमाणपत्रांच्या लिफाफ्यात गुपचूप स्वतः लिहिलेलं शिफारसपत्र सरकवलंय, हे तिला आत्ता कळत होतं.

बाबा, म्हणजे टिकाराम, रेल्वेत गँगमन. मालगाडीच्या डब्यांवरची अक्षरं लावत लावत इंग्रजी शिकलेले. रोज रात्री जेवण झालं की वहीत चार ओळी लिहायचे. तारा ती वही लाल पेननं भरून टाकायची आणि त्यांच्यापुढे आपटायची.

साहेब शेवटच्या ओळीवर आले. "'माझी मुलगी म्हणते, माझं लिहिणं कॅकोग्राफी आहे.' वा! या एकाच शब्दाचं स्पेलिंग बरोबर." डोळे पुसत ते सदस्यांकडे वळले. "काक म्हणजे कावळा. कावळ्याच्या पायांची लिपी, ती कॅकोग्राफी. आपल्या संस्कृतातूनच तिकडे गेलेला शब्द."

पुन्हा हशा. त्या हसण्यात ताराला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"काक नाही, सर. काकोस," ती म्हणाली. "ग्रीक आहे. काकोस म्हणजे वाईट, ग्राफी म्हणजे लिहिणं. चुकीच्या स्पेलिंगला म्हणतात."

हसणं थांबलं. साहेबांनी पत्र दोन बोटांनी तिच्याकडे ढकललं. "या तुम्ही. पुढच्या उमेदवाराला पाठवा."

बाबा क्वार्टरच्या दारातच उभे होते. "झालं काम?"

"नाही." तिनं पत्र त्यांच्या हातात दिलं. "बाबा, त्या शब्दाचा अर्थ मी तुमाले खोटा सांगतला होता. सुंदर अक्षर, असा अर्थ नाही त्याचा."

"मालूम आहे." बाबा पत्राची घडी घालत होते. "स्पेलिंग पाहाले तुही डिक्शनरी उघडली. 'के'मंदी नाही भेटला, 'सी'मंदी भेटला. बाजूलेच अर्थ होता."

"मंग लिहिला कावून?"

"येवढा कठीण शब्द माह्या पोरीले येते, हे त्यायले समजाले पायजे ना."