जुन्या लेथचा घसारा

हाताखाली नवीन लागलेल्या भानुमतीनं तिसऱ्यांदा व्हाउचर चुकवलं आणि हेमलताला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. पोरगी बी.कॉम. फर्स्ट क्लास, पण बँकेत भरलेली रक्कम बँकेतून काढलेली दाखवून मोकळी!

"उलटं करून राहिली तू," हेमलता म्हणाली. "कॉलेजात शिकवलं काय मग तीन वर्षं?"

"कुछ नहीं, दीदी. नुसती थिअरी. तुमच्यासारखा सहा महिन्यांचा अकाउंटिंगचा क्लास केला असता तर बरं झालं असतं."

हेमलता हसली. तो क्लास तिनं काही हौसेनं केला नव्हता. बारावीनंतर बी.कॉम.चा फॉर्म भरून ठेवला होता तिनं. पण तिचे वडील, दयाराम, म्हणाले, पोटाला लागेल ते आधी शिक. त्यांचं काही चुकलं नाही. क्लास संपतो न संपतो तोच रिछाईच्या या कारखान्यात नोकरी लागली. त्या नोकरीला आता बारा वर्षं झाली, आणि मालकसुद्धा हेमलताला विचारल्याशिवाय चेकवर सही करत नसत. तरी सकाळी महाराजपूरहून येताना कॉलेजच्या पोरींनी भरलेली ऑटो शेजारून गेली, की हिची मान तिकडे वळायचीच.

मार्चअखेर होती. यंत्रांचा घसारा टाकायचा होता. यंत्र जुनं होतं म्हणून दरवर्षी त्याची किंमत पंधरा टक्के कमी करायची, एवढं तिला ठाऊक होतं. आकडा सीए साहेबांच्या चिठ्ठीवर यायचा, ती तो टाकायची.

पण त्यातली एक लेथ, ती लागली त्याच वर्षी घेतलेलं लोखंड कातायचं यंत्र, तिला छळायची. दरवर्षी पंधरा टक्के, म्हणजे तिच्या हिशेबानं लेथची किंमत सात वर्षांत संपायला हवी होती. बारा झाली, तरी हजारांत काहीतरी शिल्लक होतंच. आपलंच कुठंतरी चुकतंय, या धास्तीनं एका मार्चमध्ये तिनं गुपचूप तिथं शून्य करून टाकलं. सीए साहेबांकडून फाईल त्या शून्याभोवती लाल गोल होऊन परत आली. का, ते विचारायची तिची छाती झाली नाही. सगळ्या कारखान्याला हिशेब शिकवणारी बाई, तिनं कोणत्या तोंडानं विचारावं?

आज तिनं मनाचा हिय्या केला.

"भानुमती, हसू नको हं. ही लेथ संपत काहून नाही?"

भानुमतीनं पाठकोरा कागद ओढला. "मूळ किमतीचे पंधरा टक्के नाही काढत ना, दीदी. जे उरलं त्याचे काढतो. शंभराचे पंच्याऐंशी उरले, की पुढच्या वर्षी पंच्याऐंशीचे पंधरा टक्के. कमी होत जाते, पण शून्य होतच नाही."

हेमलतानं पेन घेतलं. पुढची चार वर्षं स्वतःच काढून पाहिली. जमलं. परत एकदा काढली. तिचा चेहरा एकदम उजळला.

"अच्छा! इतकंच होतं? हे कोणत्या वर्षाला असते गं? शेवटच्या?"

"छे! फर्स्ट इयरलाच. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी होऊन जाते."

हेमलता त्या कागदाकडे बघत राहिली. मग घडी घालून तिनं तो पर्समध्ये ठेवला.

"म्हणजे मी निदान दिवाळीपर्यंत तरी जायले पाहिजे होतं," ती म्हणाली.