आखाजीची पैज

पार्वताबाईंनी टोळधाडीचं पान आपटलं आणि सुनेची दोन्ही शेतं एका दमात साफ झाली.

"उचल," त्या म्हणाल्या.

मनकर्णेने शेतांची पानं उचलली. एरवी तिने हसत हसत सासूला दोन शब्द ऐकवले असते. पण आज पैज होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. गावातल्या सुना माहेरी निघालेल्या. मनकर्णेचं माहेर लांब, रिद्धपूरला. गेल्या आखाजीला सासूचा पाय मुरगळला म्हणून तिचं जाणं राहिलं. या वर्षी भावाला मुलगी झाली होती आणि तिने अजून भाचीचं तोंडही पाहिलं नव्हतं. तिने जायचं विचारलं तेव्हा पार्वताबाई उठून कोनाड्याशी गेल्या. मग त्यांनी पत्त्यांची थैली काढली.

"एक डाव मांडू. तू जिंकली तं जाय. मी जिंकली तं मी सांगीन ते आयकाचं."

हे पत्ते मोतीरामाच्या डोक्यातून निघालेले. मोतीराम म्हणजे पार्वताबाईंचा लेक, अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात कारकून. महाराष्ट्राचं नवं राज्य होणार म्हणून त्या उन्हाळ्यात जो तो त्याच गोष्टी करत होता. याने पुठ्ठे कापून दोघांनी खेळायचं राज्यच काढलं. आधी विहीर मांडायची, मग शेत, मग कोठार, मग किल्ला. शेवटी गादी. जो आधी गादी ठेवील त्याचं राज्य. त्याने खेळ केला बायकोसाठी, पण तो पळवला आईने. दुपारची भांडी आवरली की सासू-सुना ओसरीवर राज्यं मांडून बसायच्या आणि सुटीच्या दिवशी कारभारी बिचारा लांबून बघायचा.

मनकर्णा हरणारी नव्हती. तिने नव्याने शेतं मांडली, कोठार मांडलं, किल्लाही चढवला. आता फक्त गादी हवी होती. पार्वताबाईंचंही तिथंच अडलेलं. आज त्यांनी सुपारीला हात लावला नव्हता, की एक चेष्टा केली नव्हती.

"माय, जिंकू दे ना तिले," मोतीरामाला राहवेना.

"तू चूप ऱ्हाय. राज्याच्या कामात तुहं काय काम?"

मनकर्णेने पान ओढलं. बैल. पार्वताबाईंनी ओढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि मांडलं. गादी!

मनकर्णेच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूचा तिला मनापासून राग आला. एवढी माया लावणारी बाई आज चार दिवसांसाठी अशी हटून बसावी?

"सांगा, आत्याबाई," ती म्हणाली. "काय आयकू?"

जिंकलेल्या पार्वताबाई मात्र नव्या नवरीसारख्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"तू तं जाशीलच. तुले कोन अडवते?" त्या खाली बघत म्हणाल्या. "पन ईहिनीच्या, तुह्या मायच्या घरी आपल्या तोंडानं येतो म्हनता येत नाही, पोरी. माहे भाऊ गेले, माहं माहेर सरलं. यंदा मले तुह्या माहेराले ने."