नुसतं पुस्तक

संपादकांनी समीक्षिकाबाईंचा लेख पुन्हा परत केला. लेखकाच्या घरातल्या वागण्यावरचा परिच्छेद, पहिलं वाक्य वाचूनच, लाल पेनाने खोडलेला.

"बाई, किती वेळा सांगू? समीक्षा पुस्तकाची करायची. लेखक घरात कसा वागतो, त्याच्याशी आपल्याला काय देणंघेणं?"

बाईंचं डोकं फिरलं. पण वाद घालून त्यांच्या तोंडाला फेस आला होता. दातओठ खात त्यांनी परिच्छेद काढला आणि कागद पुढे सरकवले. "घ्या. आता नुसतं पुस्तक."

संपादक खूश झाले. "आता पुस्तकातल्या आजारी बायकोच्या प्रकरणावर दोन ओळी वाढवा. 'पाणी द्या ना' असं ती तीनदा म्हणते आणि कुणी ओ देत नाही. काय लय साधलीय पठ्ठ्याने! सुचलं कसं असेल हो?"

"सुचलं नाही, ऐकलं," बाई म्हणाल्या. "मी त्यांच्या शेजारीच राहते. तिची चौथी हाक ऐकून धावत गेले, तर हा उशाशी बसून लिहीत होता. पाणी मी पाजलं. तुम्ही काट मारलीत ती त्यावरच."